गुलाबी थंडीला इंग्रजीत काय म्हणायचं? हिवाळा, नाताळ आणि माझा नववीचा वर्ग

सांभारवडी
११ डिसेंबर, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. मी नागपुरात मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. काल वर्गात एका उताऱ्यात ओळ आली की पाहुण्यांचं ‘वॉर्म वेलकम’ झालं. मी अर्थ विचारला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "मॅडम, पाहुणे आले अन् घरचे गरम झाले." वर्गाला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. आपल्याकडे ‘तो लय गरम झाला’ म्हणजे चिडलाच ना! त्याच उताऱ्यात पुढे ‘कोल्ड रिसेप्शन’ होतं. ते मात्र मुलांना आवडलं. थंड स्वागत म्हणजे आल्या आल्या माठातलं पाणी, कूलरसमोर खुर्ची आणि कैरीचं पन्हं.

घरी आल्यावर मी बराच वेळ यावर विचार करत होते. मुलांनी आपल्या भाषेच्या हिशेबाने अगदी बरोबर अर्थ लावला होता. आपण म्हणतो ‘जीव गार झाला’, ‘लेकराला पाहून डोळे निवले’, ‘मनाला थंडावा मिळाला’. २३ मे २०१३ ला आपल्या नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा गावात थंड, गार हे शब्द सुखाचेच असणार. इंग्रजी भाषा वाढली ती ओल्या, थंड बेटावर. तिथे ऊब मिळाली की जीव वाचतो. म्हणून तिथे ‘वॉर्म’ म्हणजे प्रेम आणि ‘कोल्ड’ म्हणजे दुरावा. ‘वॉर्म-हार्टेड’ माणूस मायाळू, ‘कोल्ड-हार्टेड’ निर्दयी. कुणी तुम्हाला मुद्दाम टाळलं तर त्याने तुम्हाला ‘कोल्ड शोल्डर’ दिला. सगळ्यांना बोलावलं आणि एकालाच डावललं तर तो ‘लेफ्ट आउट इन द कोल्ड’. ही एक गोष्ट मुलांच्या डोक्यात बसली की निम्मे वाक्प्रचार पाठ करावेच लागणार नाहीत, असं मला वाटतं.

नाताळच्या सुट्टीआधीचे सगळे तास मी हिवाळा आणि नाताळच्या शब्दांना देणार आहे. वर्गात सध्या जी शब्दयादी आहे तिच्यात ‘स्नो’ म्हणजे बर्फ, ‘आइस’ म्हणजे बर्फ, ‘फ्रॉस्ट’ म्हणजेही बर्फच. ती मला बदलायची आहे. माझी तयारी इथवर आली आहे.

थंडीपासूनच सुरुवात. ‘मला थंडी वाजते’ हे ‘आय ॲम कोल्ड’. ‘मला सर्दी झाली’ हे ‘आय हॅव अ कोल्ड’. इवल्याशा ‘अ’ने थंडीची सर्दी होते. मराठीत थंडी येते, पडते, वाजते, म्हणजे सगळं तीच करते. इंग्रजीत माणूसच कोल्ड होतो. आणि बाहेर थंडी असेल तर ‘इट इज कोल्ड’. हा ‘इट’ कोण, असं मुलं दरवर्षी विचारतात. कुणीच नाही. इंग्रजी वाक्याला कर्त्याशिवाय करमत नाही म्हणून तो तिथे बसलेला असतो.

मग थंडीच्या पायऱ्या. ‘कूल’ म्हणजे गारवा. ‘चिली’ म्हणजे स्वेटर शोधायला लावणारी. ‘कोल्ड’ आपली नेहमीची थंडी, ‘बिटर’ किंवा ‘बायटिंग’ म्हणजे बोचरी, झोंबणारी, आणि ‘फ्रीझिंग’ म्हणजे हाडं गोठवणारी. ‘फ्रीझिंग’च्या आधी ‘व्हेरी’ लावायचं नाही, लावायचंच तर ‘ॲब्सोल्यूटली’. कुडकुडणं म्हणजे ‘शिव्हर’, दातावर दात वाजणं म्हणजे ‘टीथ चॅटरिंग’, अंगावर काटा म्हणजे ‘गूजबम्प्स’. तिकडे पिसं काढलेल्या हंसाची कातडी आठवते, आपल्याला काटा.

अडले ते गुलाबी थंडीवर. मुलं ‘पिंक कोल्ड’ लिहितात. ‘क्रिस्प’ जवळचा वाटतो, कारण कोरड्या, स्वच्छ, उन्हाच्या थंड सकाळीला इंग्रजीत तेच म्हणतात. पण पापडालाही ‘क्रिस्प’च. तुम्हाला काही सुचतं का? नाताळचे शब्द मला फक्त पुस्तकातून माहीत आहेत. तेही ज्यांच्या घरचे आहेत त्यांनी सांगावेत.

तयारी_सुरू
११ डिसेंबर, रात्री १०:०५

ताई, मी फेब्रुवारीत आयईएलटीएस, म्हणजे परदेशी जायला लागते ती इंग्रजीची परीक्षा, देऊन राहिलो. क्लासमध्ये सांगितलं की बोलण्याच्या परीक्षेत वाक्प्रचार वापरले की बँड, म्हणजे गुणांची श्रेणी, वाढतो. थंडीचे वीसेक वाक्प्रचार अर्थासकट टाकता का? रोज पाच पाठ करतो.

सांभारवडी
११ डिसेंबर, रात्री १०:३१

दादा, पाठ नका करू. सातच्या बँडसाठी कमी वापरातले आणि वाक्प्रचारासारखे शब्द बघतात हे खरं, पण ते जागेवर बसतात का हेही बघतात. वीस पाठ करून तीन ठिकाणी कोंबले की तपासणाऱ्याला कळतं. चार घ्या, पण स्वतःच्या आयुष्यातले घ्या.

वसतिगृहातल्या पहिल्या रात्री कुणीच बोलत नव्हतं आणि एकाने घरचा चिवडा काढला. तो ‘ब्रोक द आइस’. आपण कोंडी फोडली म्हणतो. तिकडे गोठलेल्या नदीतला बर्फ फोडून नावांना वाट करून देत, त्यावरून हे आलं. परीक्षेच्या आठवड्यात कामाखाली गाडले गेलात तर ‘स्नोड अंडर’. मित्र स्पर्धेत नाव देऊन ऐनवेळी कचरला तर त्याला ‘कोल्ड फीट’ आले. आणि गृहपाठ न करता सरांसमोर उलट बोललात तर तुम्ही ‘स्केटिंग ऑन थिन आइस’. त्याला आपण विस्तवाशी खेळ म्हणतो. धोका तोच, पण ते पातळ बर्फावर आणि आपण निखाऱ्यावर.

बर्फात_वऱ्हाडी
१२ डिसेंबर, सकाळी ७:१२

ताई, धागा पाहून राहवलं नाही. मी मूळ वर्ध्याचा, नोकरीने कॅनडात विनिपेगला. इथे आलो तेव्हा इंग्रजी बरं होतं, पण बर्फाचं इंग्रजी शून्य. पहिल्या हिवाळ्यात सोबतच्या माणसाने ओरडून सांगितलं, "ब्लॅक आइस!" मी काळं काही दिसतंय का ते शोधत राहिलो आणि पाठीवर पडलो. ‘ब्लॅक आइस’ काळा नसतो. तो रस्त्यावरचा पातळ, पारदर्शक थर असतो आणि त्यातून खालचं डांबर दिसतं. शब्द माहीत नसल्याने हाड मोडता मोडता वाचलं. तेव्हापासून मी नवीन आलेल्या प्रत्येकाला आधी शब्द शिकवतो, बूट मग.

मुलांना असं सांगा. आभाळातून कापसासारखं भुरभुरतं ते ‘स्नो’. पाणी गोठून दगड होतं ते ‘आइस’, आपल्या रसवंतीतलं. गवतावर, गाडीच्या काचेवर रात्रीत साखर पेरल्यासारखं दिसतं ते ‘फ्रॉस्ट’. पडलेला स्नो अर्धवट वितळून चिखल झाला की ‘स्लश’. पागोळी गोठून सुळे लटकले की ‘आइसिकल’. थोडा वेळ चार कण उडाले तर ‘फ्लरी’, आणि वाऱ्यासकट तासन् तास झोडपलं, समोरचं दिसेना, तर ‘ब्लिझर्ड’. ‘स्लीट’ची मात्र काळजी घ्या. इंग्लंडमध्ये पाऊस आणि बर्फ एकत्र पडला की ‘स्लीट’, इकडे उत्तर अमेरिकेत गोठलेल्या थेंबांच्या बारीक गोळ्यांना ‘स्लीट’ म्हणतात. पुस्तक कुठलं आहे ते बघून अर्थ सांगावा लागेल.

अजून एक शब्द आहे ‘विंड चिल’. तापमापीवर उणे २५ असतं, पण वाऱ्यामुळे अंगाला उणे ४० सारखं झोंबतं. उणे ४० ला सेल्सियस आणि फॅरनहाइट दोन्ही एकच आकडा दाखवतात, हे मुलांना नक्की आवडेल.

आणि ‘स्नोड इन’ व ‘स्नोड अंडर’ वेगळे. बर्फामुळे घरात अडकलात तर ‘इन’, कामामुळे अडकलात तर ‘अंडर’.

काटोलचा_बागवान
१२ डिसेंबर, दुपारी १:४०

मॅडम, राम राम. माझं इंग्रजी जेमतेम, पण पोरगी दहावीले आहे म्हणून वाचून राहिलो. तुमच्या यादीत गारपीट कुठं बसते ते सांगा. पोरीच्या वहीत ‘हेल’ हा शब्द हिवाळ्याच्या शब्दांत टाकला आहे. आमच्याकडे गारा पडतात त्या फेब्रुवारी-मार्चात, ऊन तापाले लागल्यावर. थंडीत दव पडते, धुवारी येते, पण गारा थंडीच्या नाहीत. आमच्या मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या फुलोऱ्याचा, संत्रा नेमका तेव्हा झाडावर असतो. दहा मिनिटांत वर्षाची कमाई खाली येते. मले हा शब्द बर्फाच्या गमतीत टाकलेला पाहून बरं वाटलं नाही.

पारा_उतरला
१२ डिसेंबर, दुपारी ३:१५

बागवानभाऊंचं म्हणणं शास्त्राने पक्कं आहे. गार तयार व्हायला उंच वाढलेला गडगडाटी ढग लागतो. त्यातला वर जाणारा वारा पाण्याच्या थेंबाला गोठणाऱ्या थरात पुन्हा पुन्हा नेतो, थरावर थर चढतो, वजन पेलेनासं झालं की गार खाली येते. अशा ढगाला जमिनीची उष्णता लागते. तेव्हा ‘हेल’ हिवाळ्याच्या पानावरून काढून ‘थंडरस्टॉर्म’शेजारी ठेवा.

मला हवामानाच्या नोंदी ठेवायची जुनी सवय आहे, म्हणून थोडी भर घालतो. ‘फॉग’ आणि ‘मिस्ट’ दोन्हीला आपण धुकं म्हणतो. हवामानवाले अंतर मोजतात. एक किलोमीटरच्या आतलंच दिसत असेल तर ‘फॉग’, त्यापलीकडचं दिसत असेल तर ‘मिस्ट’. आणि ‘कोल्ड वेव्ह’ म्हणजे नुसती जास्त थंडी नव्हे. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असावं लागतं आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी उतरलेलं असावं लागतं. किंवा थेट ४ अंशांवर यावं लागतं. २९ डिसेंबर २०१८ ची सकाळ आठवते का? नागपुरात ३.५ अंश होतं. त्या दिवशी आपण इंग्रजांच्या अर्थाने ‘फ्रीझिंग’ म्हणालो असतो तर चाललं असतं. ताईंनी दिलेल्या ४७.९ शी हे जुळवून बघा. एकाच गावाने ४४ अंशांहून जास्त फरक पाहिला आहे.

सांभारवडी
१२ डिसेंबर, सायंकाळी ६:५०

बागवानभाऊ, तुमचं पटलं. ‘हेल’ आजच काढला आणि का काढला तेही मुलांना सांगेन. त्यांच्यातल्या अनेकांच्या घरी शेती आहे. आणि धुक्याला ‘धुवारी’ हा शब्द किती वर्षांनी ऐकला! आमची आजी म्हणायची.

शब्दकोडं
१२ डिसेंबर, रात्री ९:०२

ताईंचा मूळ मुद्दा मोलाचा आहे, पण तो पूर्ण मान्य नाही. मराठीतही थंड नेहमी चांगलंच असतं असं नाही. ‘बातमी ऐकून हातपाय गार पडले’, ‘रक्त गोठलं’, ‘धंदा थंड पडला’ हे आपलेच प्रयोग आहेत. उलट ‘मायेची ऊब’ तर प्रत्येक निबंधात असते. हिवाळा आपल्यालाही आहे, तेव्हा ऊब आपल्यालाही कळते. मुलांना ‘मराठीत थंड चांगलं, इंग्रजीत वाईट’ असा नियम दिलात तर ‘कूल-हेडेड’ला ती अडकतील. थंड डोक्याचा माणूस दोन्हीकडे चांगला. आणि ‘हीटेड डिबेट’ला आपण गरमागरम चर्चा म्हणतोच की. सध्या अधिवेशनाच्या बातम्यांत रोज वाचतो आहोत.

शब्दांच्या मुळाचं मात्र सांगायलाच हवं. हिवाळा, हिवताप, हीव भरणं यांतलं ‘हीव’ संस्कृत ‘हिम’पासून आलं. त्याच जुन्या कुळातून लॅटिनमध्ये हिवाळ्याचे शब्द झाले आणि त्यांतून इंग्रजीत ‘हायबरनेट’ आला, म्हणजे अस्वलासारखं हिवाळाभर झोपून काढणं. म्हणून ‘हिवाळा’ आणि ‘हायबरनेट’ हे लांबचे भाऊ. मुलाला हा शब्द परका वाटायचं कारण नाही.

आणि ‘बर्फ’ फारसी. फारसीत त्याचा अर्थ ‘स्नो’, भुरभुरणारा. आपल्याकडे येताना हिम नव्हतं, म्हणून तो गोठलेल्या पाण्याला चिकटला. त्याच शब्दावरून बर्फी, पांढरीशुभ्र म्हणून. नागपूरच्या संत्रा बर्फीत नावापुरतं का होईना हिम पडलेलं आहे.

सांभारवडी
१२ डिसेंबर, रात्री ९:४४

हातपाय गार पडण्यावर मी खरंच विचार केला नव्हता. तुम्ही म्हणता ते बरोबर, नियम म्हणून सांगणार नाही. तरी एक फरक बघा. आपले हातपाय गार पडतात ते अचानक भीतीने, मग ती भीती कसलीही असो. ‘कोल्ड फीट’ येतात ते आधी ठरवलेल्या गोष्टीतून मागे फिरताना, लग्नाच्या आदल्या दिवशी, किंवा मंचावर चढायच्या आधी. साप दिसला म्हणून ‘आय गॉट कोल्ड फीट’ म्हणता येत नाही. मुलं नेमकी तिथेच चुकतील. तुमच्यामुळे आधी कळलं.

आणि मायेची ऊब आहेच, पण ती आपल्याला गोधडीतून, कुशीतून येते. आलेल्या पाहुण्याला ‘उबदार स्वागत’ मी माझ्या घरात कधी ऐकलं नाही. ते भाषांतरातून आलंय. आमच्याकडे ‘मनापासून’, ‘आपुलकीनं’.

चांदणी
१३ डिसेंबर, सकाळी ११:२०

ताई, तुम्ही ज्यांच्या घरचे शब्द आहेत त्यांनी सांगावे म्हटलं, म्हणून लिहिते. आम्ही नागपुरातल्या सदरचे, चार पिढ्या मराठी ख्रिस्ती. आमच्या घरी ‘ख्रिसमस’ कुणी म्हणत नाही, नाताळच म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, मूळ लॅटिन, अर्थ जन्माचा. इंग्रजी ‘ख्रिसमस’ म्हणजे ‘ख्राइस्ट’ची ‘मास’, उपासना. उच्चारात ‘टी’ नाही, हे मुलांना नक्की सांगा. ‘लिसन’, ‘कॅसल’मध्ये नसतो तसाच. आणि ‘एक्स’ लावून लिहिलेलं लहान रूप दिसलं की काही जण नाराज होतात, येशूचं नाव पुसलं म्हणतात. तसं नाही. ती ग्रीक भाषेतली ‘खी’ आहे, ख्रिस्ताच्या ग्रीक नावाचं पहिलं अक्षर. मोठ्याने वाचताना ‘क्रिसमस’च वाचायचं.

मुलं सगळ्यात जास्त कुठे चुकतात सांगू? ‘मँजर’ला ‘मॅनेजर’ वाचतात. बाळ येशूला मॅनेजरमध्ये ठेवलं! तेव्हा मी त्यांना आमच्या मराठी बायबलमधला शब्द देते, गव्हाणी. गावाकडच्या मुलाला गव्हाण माहीत असते, बैल जिथे कडबा खातात ती. ‘मँजर’ म्हणजे तीच. बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलेलं बाळ म्हटलं की गोठा, कडब्याचा वास, थंडीची रात्र सगळं त्यांच्यासमोर उभं राहतं. नाताळाच्या गोष्टीतला हा शब्द इंग्रजी मुलाला समजावून सांगावा लागतो, काटोलच्या मुलाला नाही.

‘ईव्ह’ म्हणजे संध्याकाळ नव्हे, आदला दिवस. वर्तमानपत्रात ‘पूर्वसंध्या’ येतं तसं. ‘ख्रिसमस ईव्ह’ २४ तारीख, त्या रात्री आमची उपासना. ‘न्यू इयर्स ईव्ह’ ३१ डिसेंबर. नाताळाआधीच्या चार रविवारांचा काळ ‘ॲडव्हेंट’, आम्ही आगमनकाळ म्हणतो. नाताळापासून पुढे बारा दिवस सण चालतो, ६ जानेवारीला ‘एपिफनी’.

‘कॅरल’ म्हणजे नाताळगीत. गटाने घरोघरी जाऊन गायचं आणि घरच्यांनी काहीतरी खायला द्यायचं. माझ्या हिंदू मैत्रिणींना मी भुलाबाईची आठवण करून देते. त्याही गाणी म्हणत घरोघरी जातात आणि खाऊ ओळखतात. आमच्याकडे कॅरलवाल्यांना कलकल आणि केक मिळतो.

पदार्थांच्या नावांनी फसू नका. ‘प्लम पुडिंग’मध्ये आलुबुखार नसतो. जुन्या इंग्रजीत मनुकांना ‘प्लम’ म्हणत. ‘मिन्समीट’मध्ये आता मांस नसतं, पूर्वी असे. आता सुका मेवा, सफरचंद आणि मसाले. शाकाहारी घरच्या मुली हे ऐकून सुटकेचा श्वास टाकतात.

शब्दयोगी अव्यय बघा. सणाच्या दिवसांत म्हणायचं असेल तर ‘ॲट ख्रिसमस’, नेमक्या दिवशी म्हणायचं असेल तर ‘ऑन ख्रिसमस डे’. ‘इन ख्रिसमस’ नाही.

पहिली_स्लिप
१३ डिसेंबर, दुपारी १२:०८

मग ‘बॉक्सिंग डे’ राहिला. दरवर्षी २६ डिसेंबरला मेलबर्नच्या मैदानावर कसोटी सुरू होते. लहानपणी मला वाटायचं की त्या दिवशी तिथे आधी मुष्टियुद्ध होत असेल. नंतर कळलं की नाताळाच्या दुसऱ्या दिवशी इंग्लंडमध्ये नोकरचाकर, पोस्टमन, दुकानातली पोरं यांना ‘ख्रिसमस बॉक्स’ द्यायची रीत होती. आपली दिवाळीची पोस्तच ती. पोस्त म्हटलं की एका शब्दात समजतं.

आणि तिथे डिसेंबरात भर उन्हाळा असतो. लोक सनक्रीम लावून बसलेले दिसतात. तेव्हा नाताळ म्हणजे बर्फच, असंही मुलांना वाटू देऊ नका.

पारा_उतरला
१३ डिसेंबर, दुपारी १२:४०

‘व्हाइट ख्रिसमस’ची ब्रिटिश हवामान खात्याची व्याख्या ऐका. २५ डिसेंबरच्या चोवीस तासांत देशात कुठेही बर्फाचा एक कण पडताना नोंदला गेला तरी पुरे. जमीन पांढरी व्हायची गरज नाही.

फुटाळा_फेरी
१३ डिसेंबर, सायंकाळी ५:३०

मी रोज पहाटे फुटाळा तलावावर फिरायला जातो. तिथे अर्धे लोक माकडटोपी घालून असतात. इंग्रजीत ‘मंकी कॅप’ म्हटलं तर इंग्रजाला कळत नाही, त्याचा शब्द ‘बॅलक्लाव्हा’. क्रायमियातल्या बालाक्लावा या गावाचं नाव. १८५४ मध्ये तिथे ब्रिटिश फौज रशियनांशी लढली. त्या लढाईत घोडदळाचा जो प्रसिद्ध हल्ला झाला, त्याचं नेतृत्व करणाऱ्या अर्ल ऑफ कार्डिगनच्या नावावरून समोर बटणांचा ‘कार्डिगन’. ब्रिटिश फौजेचा सेनापती लॉर्ड रॅग्लन, त्याच्यावरून ‘रॅग्लन’ बाही. एका युद्धाने कपाटातले तीन शब्द दिले. तिबेटी लोकांच्या स्वेटरच्या दुकानात मुलांना नेऊन हे दाखवता येईल.

काटोलचा_बागवान
१३ डिसेंबर, रात्री ८:१५

चांदणीताईचं गव्हाणीचं वाचून लय बरं वाटलं. आमच्या गोठ्यात अजून आहे.

पोरगी विचारून राहिली की ‘मिसलटो’ काय असते. पुस्तकात चित्र आहे, दाराले टांगलेलं. पानं पाहिली तर मले ते आंब्यावरच्या बांडगुळासारखं दिसलं. बरोबर आहे का?

शब्दकोडं
१३ डिसेंबर, रात्री ८:५०

भाऊ, तुमची नजर पक्की आहे. ‘मिसलटो’ हे युरोपातलं बांडगूळच. आपल्या आंब्यावरचं वेगळ्या जातीचं, पण दोघं एकाच गणातले, आणि त्या गणात चंदनही येतं. दोन्हीचं बी चिकट, पक्षी खातात आणि दुसऱ्या फांदीला लावून जातात. आपल्याकडे हे काम फुलटोच्या करतो. मात्र भाषेत बघा काय झालं! आपण दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याला बांडगूळ म्हणतो. तिकडे भर हिवाळ्यात सगळी झाडं उघडी पडतात आणि हे एकटं हिरवं राहतं, म्हणून ते शुभ. त्याच्याखाली उभ्या राहिलेल्या जोडीने एकमेकांचं चुंबन घ्यायची प्रथा आहे. हिवाळा किती कडक, यावर वनस्पतीची अब्रू ठरली.

बर्फात_वऱ्हाडी
१४ डिसेंबर, सकाळी ६:३०

बागवानभाऊ, तुमच्यासाठी मुद्दाम लिहितो. नाताळाच्या रात्री मुलं जो मोजा टांगतात, त्या ‘स्टॉकिंग’च्या टोकात, अंगठ्याच्या जागी, एक संत्रं ठेवायची जुनी रीत आहे. इंग्लंडमध्ये आणि इकडेही. ऐन हिवाळ्यात दूर देशातून येणारं फळ, गरीब घरात वर्षातून एकदाच मिळायचं. सैल सालीचं लहान संत्रं ठेवतात, ‘टँजरीन’ किंवा ‘सात्सुमा’. आपलं नागपुरी संत्रंही त्याच ‘मँडरिन’ कुळातलं. इंग्रजांच्या नेहमीच्या ‘ऑरेंज’च्या जवळ खरं तर आपली मोसंबी जाते. इथे माझ्या मुलीच्या मोज्यात मी दरवर्षी संत्रं ठेवतो. सोलताना वास येतो आणि डिसेंबरातला काटोल रोड आठवतो.

तयारी_सुरू
१४ डिसेंबर, सकाळी ९:१०

ताई, काल चार वाक्यं स्वतःवरून लिहिली, पाठ नाही केली. एक अडलं. इंग्रजी पेपरात वाचलं, ‘लाइक टर्कीज व्होटिंग फॉर ख्रिसमस’. याचं काय?

चांदणी
१४ डिसेंबर, सकाळी ९:४५

इंग्लंडात नाताळाच्या जेवणाला टर्की हा पक्षी भाजतात. टर्कीनेच नाताळ व्हावा म्हणून मत दिलं तर? आपल्या हाताने आपल्या पायावर कुऱ्हाड. ‘कोल्ड टर्की’शी मात्र गल्लत करू नका. त्याचा नाताळाशी संबंध नाही. तंबाखू, दारू एका दिवशी, एका झटक्यात सोडली तर ‘ही क्विट कोल्ड टर्की’.

सांभारवडी
१८ डिसेंबर, रात्री ९:३०

चार दिवस लिहू शकले नाही, तपासणी चालू होती. पण तास झाले. गव्हाण, बांडगूळ, पोस्त, माकडटोपी सगळं फळ्यावर आलं. बर्फात_वऱ्हाडी यांचा ब्लॅक आइस मुलांना इतका आवडला की दोघांनी तो नाटुकलीत घेतला.

शेवटी मी एकच वाक्य इंग्रजीत करायला दिलं: ‘आजीचे शब्द ऐकून माझा जीव गार झाला.’ बऱ्याच जणांनी ‘कोल्ड’ लिहिलं, दोघांनी ‘कूल’. एका मुलीने बराच वेळ पेन चावलं आणि मग लिहिलं, ‘माय ग्रँडमदर्स वर्ड्स वॉर्म्ड माय हार्ट’. मी विचारलं, गारचं वॉर्म कसं केलंस? म्हणाली, "मॅडम, त्यांची आजी थंडीच्या गावात राहते ना."

वॉर्म वेलकमवाला मुलगा हात वर करून म्हणाला, "मग त्यांना आपलं वाक्य शिकवायचं असलं तर त्यांना मे महिन्यात नागपूरला आणावं लागेल." त्याचंही बरोबर आहे.

गुलाबी थंडी अजून सुटली नाही. ‘क्रिस्प’ लिहून घेतलं, आणि ‘अ निप इन द एअर’ पण दिलं, म्हणजे हवेतला बारीक चिमटा. पण आपल्या गुलाबीत उन्हाची जी मजा आहे, हुरडा आणि ओल्या तुरीच्या शेंगा आहेत, ती यात येत नाही. मुलांना सांगितलं की ‘गुलाबी थंडी’ तशीच ठेवा आणि पुढच्या वाक्यात तिचं वर्णन करा.

काटोलचा_बागवान
१८ डिसेंबर, रात्री १०:०२

मॅडम, आंबिया बहाराच्या संत्र्याचा तोडा चालू आहे. शनिवारी माल घेऊन कळमन्याच्या बाजारात येऊन राहिलो. तुमच्या वर्गात किती पोट्टे आहेत ते सांगा, एक क्रेट बाजूले ठेवतो. मोज्यात टाकायचे तर लहान आकाराचे लागतील.

सांभारवडी
१८ डिसेंबर, रात्री १०:१०

भाऊ, त्रेपन्न. सकाळची शाळा आहे, साडेअकराच्या आत या. मोजे मुलं घरून आणतील, धुतलेले आणायला सांगते.